दातातली खिंड

(दृश्य: परभणीजवळचं शेत, जानेवारीची सकाळ. आगटीभोवती माणसं बसलेली.)

आगटीतून कणीस निघालं की ते तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि गरम दाणे तोंडात टाकायचे. मावशीसुद्धा हुरडा खातात, पण नुसत्या डाव्या बाजूनं. उजवीकडची खालची दाढ काढून चार वर्षं झाली. "दाणा त्या खिंडीतच जाऊन बसतोय," त्या म्हणतात, "मग दिवसभर जीभ तिथंच."

गेली ती पहिली कायमची दाढ. ती सहाव्या वर्षी, एकही दुधाचा दात न पडता, गुपचूप मागे उगवते. घरच्यांना ती दुधाचीच वाटते. किडली तर पडेल, दुसरी येईल, असा समज. दुसरी येत नाही.

मावशींना सल्ले तीन मिळाले. भाचा म्हणाला, कॅप बसव. शेजारीण म्हणाली, ब्रिज करा, आठ-पंधरा दिवसांत मोकळ्या व्हाल. पुण्यातल्या मुलाचा फोन आला, "आई, तू इम्प्लांटच कर, पैशाचं मी बघतो."

भाच्याचा सल्ला तिथंच बाद. कॅप म्हणजे टोपी, आणि टोपी घालायला डोकं लागतं. दाढ किडली, नस काढून रूट कॅनाल झालं, पण मूळ घट्ट आहे आणि वरचा दातही बराच शिल्लक आहे, तिथं कॅप. किडीनं आणि खोदकामानं पोकळ झालेली दाढ भाकरीच्या कडक पापुद्र्यावरही चिरू शकते, म्हणून ती झाकायची. मावशींकडे झाकायला दाढच नाही.

(दृश्य: परभणीतला दवाखाना. पडद्यावर एक्स-रे.)

उरले ब्रिज आणि इम्प्लांट. ब्रिजमध्ये खिंडीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दात चारी बाजूंनी घासून लहान करतात. त्यांवर दोन कॅप, मध्ये त्यांना जोडलेला खोटा दात. म्हणजे दात एक गेला आणि बिल तीन कॅपांचं. स्वस्त म्हणून ब्रिजकडे वळणाऱ्यांनी हा हिशोब आधी विचारावा. नीट सांभाळला तर ब्रिज १०-१५ वर्षं चालतो. मात्र खोट्या दाताखाली अन्न अडकतं, तिथं बारीक ब्रश रोज फिरवावा लागतो. आधाराचा एक दात आतून किडला तर बहुतेक वेळा अख्खा ब्रिज काढावा लागतो.

इम्प्लांट म्हणजे लोकांच्या भाषेत स्क्रूचा दात. याची सुरुवात दातांपासून झालीच नाही. १९५२ मध्ये स्वीडनमधले संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी काम संपल्यावर निघेना. हाडानं ती धरून ठेवली होती. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. आजही काम त्याच पकडीवर चालतं: आधी स्क्रू, मग हाड धरेपर्यंत साधारण ३ ते ६ महिने थांबायचं, मग वरचा दात. शेजारच्या दातांना हात लागत नाही. मात्र जबड्यात हाड पुरेसं हवं, आणि दाढ काढल्यावर तिथलं हाड पहिल्या वर्षातच सगळ्यांत जास्त झिजतं.

डॉक्टर इम्प्लांटच्या गोष्टीकडे वळायच्या आधीच दोन प्रश्न विचारतात.

"मावशी, शुगर किती असते तुमची?"

"असती थोडी."

"आणि मिश्री?"

मावशी सुनेकडे बघतात. सून छताकडे.

तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली निघाली. साखर बेताबाहेर असली आणि वर तंबाखू असली की जखम उशिरा भरते, स्क्रू हाडात न धरण्याचा धोका वाढतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, तरी आपल्याकडे घरोघरी तिला दात घासायचं साधन समजतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, मिश्रीची डबी मात्र मोरीच्या कोनाड्यात निवांत आहे.

एक्स-रेत आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते निकाल तिथंच लागला. खिंडीच्या पुढच्या दाताचं रूट कॅनाल पूर्वीच झालंय, वर कॅप नाही. मागच्या दाढेत भलीमोठी चांदी भरलेली, तीही कडेनं तडकलेली. दोघांनाही आज ना उद्या कॅप लागणारच होती. मग मधला दात त्यांच्याच आधारानं बसवला तर चांगला दात घासल्याचं पाप लागत नाही. हेच दोन दात धडधाकट असते, वय पस्तिशीचं आणि साखर ताब्यात असती, तर डॉक्टर मुलाच्या बाजूनं बोलले असते.

तरी चार वर्षांनी काम वाढवलंच. मागची दाढ खिंडीकडे कलली आहे आणि वरची, समोर कुणी अडवणारं नसल्यामुळे, खाली उतरली आहे. ब्रिजचं माप घ्यायच्या आधी तीही थोडी घासावी लागणार.

(दृश्य: दवाखान्याचं काउंटर.)

सोमवारची तारीख मिळते. मावशी मान हलवतात. "सोमवारी नाही जमायचं. तूर खळ्यावर पडलीय, माणसं मिळंनात. पुढल्या पंधरवड्यात लिहा."

पावती कमरेच्या पिशवीत जाते. पिशवीतून मिश्रीची डबी वर येते. सून हात पुढे करते. मावशी डबी देत नाहीत, पुन्हा आत सारतात आणि एसटी स्टँडच्या वाटेला लागतात.