रेंजच्या बाहेर

[दृश्य: डोंगरातला दुपदरी रस्ता, गाडीच्या काचेतून. आवाज फक्त टायरचा.]

या फिल्ममध्ये दोन ठिकाणी चित्र नाही. एके ठिकाणी कॅमेरा आत नेता आला नाही, दुसरीकडे तो आम्हीच बंद केला. नेमक्या त्याच दोन जागा सगळ्यांत भारी होत्या, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तक्रार नको.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन सोडून पश्चिमेकडे निघालं की चार-पाच तासांनी ॲलेघेनीचे घाट चढून गाडी वेस्ट व्हर्जिनिया राज्यात उतरते. इथली एक काउंटी म्हणजे पोकाहॉन्टस. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखा कारभार म्हणा, पण पसारा बघा. ९४२ चौरस मैल, म्हणजे २,४४० चौरस किलोमीटरच्या आसपास. शहर आणि उपनगर धरून अख्खी मुंबई इथे चार वेळा मावेल. आणि २०२०च्या जनगणनेत माणसं भरली ७,८६९. सकाळच्या दोन विरार लोकलमध्ये काउंटी रिकामी करता येईल.

[दृश्य: बर्फाविना उभे स्की लिफ्टचे पाळणे, लांबून.]

पैसे घालवायचे असतील तर सोय आहे. डोंगरमाथ्यावर स्नोशू नावाचा स्कीइंगचा मोठा रिसॉर्ट आहे, तिथे पाकीट पटकन हलकं होतं. आम्ही तिकडे फिरकलो नाही. पेट्रोल, जेवण आणि झोपायची जागा सोडून खिशात हात घालायचा नाही, असं ठरवूनच आलो होतो. जमेल असं वाटलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी चुकलो. फोनवरचा नकाशा एका वळणावर गोठला आणि निळा ठिपका अर्धा तास एकाच ओढ्यात उभा राहिला. रेंज गेली होती. ती आता येईल, मग येईल, असं करत आम्ही चौदा मैल उलट्या दिशेला गेलो. शेवटी मार्लिंटनला, म्हणजे काउंटीच्या मुख्य गावाला पोचून कागदी नकाशा घेतला. फुकट मिळाला. पुढचे पाच दिवस तो गुडघ्यावर उघडा होता आणि घडीच्या रेघांवर फाटत गेला.

आता ही रेंज का नाही, ते ऐका. डोंगर आडवे येतात हे खरंच. पण इथे शांततेला कायद्याचंही पाठबळ आहे.

[दृश्य: हिरवं कुरण, मागे डोंगर, मध्ये पांढरी अवाढव्य तबकडी. फार लांबून.]

ग्रीन बँक. कुरणामागे जी पांढरी जाळी दिसते आहे, ती जगातली सगळ्यांत मोठी, सगळीकडे वळवता येणारी रेडिओ दुर्बीण. उंची ४८५ फूट, म्हणजे पायथ्यासकट स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दीडपट. तबकडी १०० मीटर बाय ११० मीटर. वजन सुमारे १ कोटी ७० लाख पौंड. आणि हे सगळं धूड सोळा चाकांवर, गोल रुळावरून फिरतं.

आकाशातून येणारे रेडिओ संकेत इतके क्षीण असतात, की शेजारच्या घरातला मायक्रोवेव्हसुद्धा त्यांच्यापुढे ढोल बडवल्यासारखा. म्हणून १९५६ साली राज्याने दुर्बिणीच्या आसपासच्या विद्युत उपकरणांवर बंधनं आणणारा कायदा केला, आणि १९५८ साली केंद्र सरकारने १३,००० चौरस मैलांचा ‘नॅशनल रेडिओ क्वाएट झोन’ आखला. या पट्ट्यात कायमस्वरूपी ट्रान्समीटर बसवायचा तर आधी वेधशाळेला विचारावं लागतं. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला सह्याद्रीच्या डोंगरांचा आडोसा लागतो, तसलंच हे. फक्त इथे अख्खा मुलूखच हळू आवाजात बोलतो.

वेधशाळेचं प्रदर्शन दालन फुकट आहे. बसमधून मार्गदर्शकाबरोबर फिरायचं तर तिकीट काढा. चालत किंवा सायकलने दुर्बिणीकडे जायला पैसे नाहीत. आम्ही चालत गेलो. वाटेत एक फाटक लागतं. त्याच्या पुढे डिजिटल कॅमेरा नाही, मोबाइल नाही, मनगटावरचं स्मार्ट घड्याळ नाही. पुढे गाड्याही डिझेलच्याच. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी उडते, आणि प्रत्येक ठिणगी रेडिओ लहरी सोडते.

[दृश्य: काळा पडदा. पावलांचा आवाज नाही, काहीच नाही. फक्त निवेदन.]

इथे आमचं चित्र संपतं. तोंडीच सांगतो.

जवळ गेल्यावर ती तबकडी वाटत नाही. पूल उभा करून ठेवल्यासारखी वाटते. मान मागे टाकली तरी वरची कड दिसत नाही. संकेत गोळा करणारा दांडा नेहमीसारखा मध्यात नाही, एका बाजूने कोपर वाकवून वर आलेला आहे, म्हणजे त्याची सावली तबकडीवर पडू नये. आम्ही उभे होतो तेव्हा ती वळायला लागली. आवाज अगदी बारीक, लांबच्या गिरणीसारखा. पोटऱ्यांत जाणवला आधी, कानात नंतर.

इथे याआधीची एक दुर्बीण होती, ३०० फुटी. १५ नोव्हेंबर १९८८च्या रात्री ९ वाजून ४३ मिनिटांनी ती आपोआप कोसळली. माणसं वाचली, लोखंडाचा ढीग राहिला. आत्ताची दुर्बीण तिची जागा घ्यायला आली आणि २०००मध्ये कामाला लागली. त्याहून जुनी गोष्ट १९६०ची. फ्रँक ड्रेक या तरुण शास्त्रज्ञाने इथल्या ८५ फुटी तबकडीचा कान दोन ताऱ्यांकडे लावला. परग्रहावरून कोणी बोलतंय का, हे पद्धतशीरपणे ऐकण्याचा तो पहिला प्रयत्न. कोणी बोललं नाही. ती तबकडी अजून आवारात आहे, आणि तिच्यासमोर उभं राहायला कोणी काही मागत नाही.

[दृश्य: नदीकाठची खडीची वाट. दोन सायकली.]

ग्रीनब्रायर नदीवर धरण नाही. पूर्व अमेरिकेत एवढ्या लांबीची मोकळी नदी आता दुर्मीळ. तिच्या काठाने पूर्वी रेल्वे होती, लाकूड वाहणारी. १९७८च्या अखेरीस ती बंद झाली, रूळ उखडले आणि उरली ही वाट. ७८ मैल. पस्तीस पूल, दोन बोगदे. आगगाडीला चढ सोसत नाही, त्यामुळे वाटेला उतार शंभर फुटांत फार तर एखादा फूट. म्हणजे डोंगराळ मुलखात सपाटीवर सायकल चालवायची! आमच्यातल्या एकाचे गुडघे गेल्या वर्षीपासून कुरकुरतात. त्याने दिवसात चाळीस मैल मारले, आणि रात्री तेच ऐकावं लागलं.

शार्प्स बोगदा ५११ फुटांचा. बॅटरी घेऊन जा. बाहेर जूनचं ऊन, आत पाऊल टाकल्याबरोबर माठात तोंड घातल्यासारखा गारवा. भिंतीवर अजून वाफेच्या इंजिनांची काजळी. बोट लावलं, काळं झालं. आणि बोगद्यातून बाहेर पडतो ते थेट पुलावर, खाली नदी.

वाटेच्या उत्तर टोकाला कॅस गाव.

[दृश्य: पांढऱ्या लाकडी घरांची एकसारखी रांग. शिट्टी. वाफ.]

१९०१ साली कागद कंपनीने वसवलेलं. डोंगरावरचा लाल स्प्रूस तोडायचा, लगदा करायचा. १९६०मध्ये गिरणी बंद पडली, आणि १९६३पासून त्याच लाकूडगाडीत पर्यटक बसू लागले. तिकीट स्वस्त नाही. पण स्टेशनवर उभं राहून गाडी सुटताना बघायला कसलं तिकीट? खरं सांगू का, इंजिन बाहेरूनच नीट दिसतं, आत बसून नव्हे.

ही ‘शे’ नावाच्या जातीची इंजिनं. नेहमीच्या इंजिनासारखे आडवे दट्टे नाहीत. उजव्या अंगाला तीन सिलिंडर उभे, त्यांच्याखाली फिरणारा दांडा आणि दात्यांची चाकं, घड्याळ उलटं करून उघडल्यासारखी. बॉयलर तोल सांभाळायला डावीकडे सरकवलेला. ताफ्यातलं पाच नंबरचं इंजिन १९०५ सालचं. दाते असल्यामुळे ताकद प्रचंड, वेग नाही. ऐकून वाटतं गाडी सुसाट निघाली, आणि बघावं तर शेजारून कुत्रं आरामात चाललंय. शेजारच्या बाकावर एक आजोबा थर्मासमधली कॉफी पीत बसले होते. म्हणाले, मी रोज येतो. गाडीत किती वेळा बसलात, विचारलं. ‘एकदा,’ म्हणाले, ‘बायको बसली होती म्हणून.’

[दृश्य: ढगात शिरणारा रस्ता, नंतर फळ्यांची वाट.]

इथली अर्ध्याहून अधिक जमीन सरकारी जंगल. त्यातलं मोठं मोनोंगाहेला राष्ट्रीय वन, १९२०चं. आत शिरायला शुल्क नाही. त्यातून ४३ मैलांचा हायलँड सीनिक हायवे जातो. माथ्यावरच्या पट्ट्यात मालाचे ट्रक नाहीत, वस्ती नाही, खांब नाहीत. हिवाळ्यात तिथला बर्फ कोणी काढत नाही, तेव्हा तेवढे महिने विसरा. हिल्स क्रीकचे तीन धबधबे आहेत, २५, ४५ आणि ६३ फुटांचे. उतरताना मजा येते. वर येताना कोणी बोलत नाही.

पण थांबायचं असेल तर क्रॅनबेरी ग्लेड्सवर थांबा.

साडेसातशे एकर दलदल, समुद्रसपाटीपासून ३,४०० फुटांच्या आसपास, आणि तिच्यावरून अर्ध्या मैलाची फळ्यांची वाट. हिमयुगात उत्तरेकडच्या वनस्पती इथवर सरकल्या होत्या. थंडी मागे हटली, बाकीच्याही परत गेल्या, या खोलगट थंड कटोऱ्यात मात्र काही राहून गेल्या. खाली शेवाळाचा स्पंज, पाणी आंबट, प्राणवायू कमी. त्यामुळे मेलेलं काही लवकर कुजत नाही, थरावर थर चढत राहतो.

[दृश्य: अगदी जवळून. नखाएवढं पान.]

हे बघायला आम्ही फळीवर पालथे पडलो. ड्रॉसेरा, आपल्याकडे याला दवबिंदू म्हणतात. गोल पान, कडेने लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकणारा थेंब. ते दव नाही, डिंक आहे. एक चिलट चिकटलंय, बघा. त्याचा एक पाय सुटतो, दुसरा अडकतो. आणि बाजूचे केस त्याच्याकडे झुकायला लागलेत, इतके सावकाश की झुकताना दिसत नाहीत, झुकलेले मात्र दिसतात. वीस मिनिटं पडून होतो. मागून आलेलं एक कुटुंब आम्हाला ओलांडून गेलं आणि त्यातली लहान मुलगी परत येऊन शेजारी पालथी पडली. फळीखाली पाय टाकायला मात्र मनाई आहे, आणि ती पाळाच. तिथला एक ठसा वर्षानुवर्षं भरून येत नाही.

[दृश्य: खडकांच्या उंच भेगा.]

बेअरटाऊन पटकन बघून होतं. वालुकाश्माच्या पठाराला उभ्या भेगा पडून गल्ल्या तयार झाल्यात, वरून फळ्यांची वाट. काही भेगा इतक्या खोल की तळाशी उन्हाळ्यापर्यंत बर्फ टिकतो. वाकून बघितलं की तोंडावर गार श्वास येतो.

शेजारीच ड्रूप माउंटन. यादवी युद्धात, ६ नोव्हेंबर १८६३ला, इथे वेस्ट व्हर्जिनियातली एक मोठी लढाई झाली. राज्य जन्मून जेमतेम साडेचार महिने झाले होते. केंद्राकडून ॲव्हरेल, बंडखोरांकडून एकोल्स, ॲव्हरेल जिंकला. १९२८ साली याच जागेवर राज्याचं पहिलं उद्यान झालं. प्रवेश फुकट. लाकडी मनोऱ्यावरून ग्रीनब्रायरचं खोरं दिसतं, आणि ते इतकं निवांत आहे की लढाईची पाटी दोनदा वाचावी लागते.

एक गंमत राहिलीच. सप्टेंबरअखेर आलात तर मार्लिंटनला रस्त्यावर गाडीखाली येणाऱ्या प्राण्यांच्या पदार्थांची पाककृती स्पर्धा असते. थट्टा नाही, १९९१पासून भरते. हरीण, खार, कासव, जे रस्त्यावर सापडू शकतं ते. मोजक्या डॉलरांत चव घेता येते. आम्ही जूनमध्ये गेलो, याचं दुःख किती मानावं ते ठरलेलं नाही. मासेमारीचा परवाना मात्र जूनमधल्या एका शनिवार-रविवारी लागत नाही; गळ तेवढा आपला.

[दृश्य: संध्याकाळ. झाडांचे शेंडे. आकाश निळं, मग गडद.]

शेवटची रात्र वाटोगात. राज्यातलं सगळ्यांत मोठं उद्यान, दहा हजार एकरांवर. अंधारासाठीही इथे नियम आहेत. दिव्यांना टोप्या घातलेल्या, उजेड खाली पाडणाऱ्या. २०२१मध्ये वाटोगा, ड्रूप माउंटन आणि शेजारचं कॅल्विन प्राइस जंगल यांना आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली.

काजवे आपल्याला नवे नाहीत. मे संपताना भंडारदऱ्याकडची झाडं पेटलेली बघितलेल्यांना कोणी काय सांगावं? पण इथल्या एका जातीला ताल आहे. जूनच्या शेवटी हे काजवे मिळून चमकतात. पाच-सहा वेळा लुकलुक, आणि मग सगळं जंगल एकदम विझतं. काही सेकंद काहीच नाही. पुन्हा एक कुठेतरी सुरू होतो, त्याच्या मागे दुसरा, आणि मग सगळेच.

दुसऱ्यांदा विझले तेव्हा कळलं की आपल्याच कॅमेऱ्याच्या मागचा पडदा उजळलेला आहे, झाडांच्या बुंध्यांवर निळा उजेड पाडत. बंद केला.

[दृश्य: काळा पडदा. ओढ्याचा आवाज. पंचवीस सेकंद.]

तुमचा स्क्रीन बिघडलेला नाही.