स्फुरद ६.१

हा रक्ततपासणीचा कागद बघा. घड्या पडून पडून मधे विरलाय, कडेला हळदीचा डाग, आणि एका ओळीला पेनाने गोल केलाय. फॉस्फरस ६.१. शेजारी छापलंय २.५ ते ४.५. चोपड्याकडचे अण्णा, केळीवाले, साठी ओलांडलेली, शुगर वीस वर्षांची, कागद आपल्याकडे सरकवतात, "काय लिखेल शे यामा?"

गंमत अशी की याच घरात फळीवर माती परीक्षणाचा रिपोर्ट पडलाय आणि तो अण्णा घडाघडा वाचतात, नत्र एवढं, स्फुरद एवढं, पालाश एवढं. फॉस्फरस म्हणजे तेच स्फुरद, डीएपीच्या गोणीतलं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ऐकल्यावर दचकले, खत रक्तात कसं गेलं म्हणे!

खत नाही हो, जेवण. अंगातलं ८५ टक्के स्फुरद हाडात आणि दातात असतं, बाकीचं बहुतेक पेशींमधे, आणि रक्तात फिरतं ते जेमतेम १ टक्का, टेस्ट मोजते ते तेवढंच. जास्तीचं लघवीवाटे बाहेर टाकायचं काम किडनीचं. किडनी थकली की साचायला लागतं, पण लगेच नाही, सुरुवातीला शरीर हार्मोन वाढवून आकडा सांभाळून घेतं, म्हणून फॉस्फरस नॉर्मल आलं म्हणजे किडनी ठणठणीत असं कोणी समजू नका. शेजारचं क्रिएटिनिन बघायचं, किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा, कॅल्शियम बघायचं, डॉक्टर लिहून देतील तर पीटीएच, म्हणजे अशाच एका हार्मोनची टेस्ट. अण्णांचं क्रिएटिनिन ४ च्या वर आहे, म्हणजे किडनी थकलेली, त्यामुळे ६.१ कुठून आलं ते कळतंच. आणि नातवाचं ५.५ आलं तर घाबरू नका, वाढीच्या वयात जास्तच असतं.

नमुन्याचं मात्र अण्णांना झटकन कळलं. मातीचा नमुना आपण उकिरड्याजवळचा घेतो का? झाडाखालचा, बांधावरचा घेतो का? तसंच रक्ताचं. गावात सकाळी काढलेली नळी मे महिन्याच्या उन्हात दुपारी शहरातल्या लॅबला पोचली, तोवर सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी, वेगळं केलं नाही किंवा लाल पेशी फुटल्या, तर त्यांच्यातलं स्फुरद बाहेर येतं आणि आकडा उगाच फुगतो. शिवाय सकाळी कमी, दुपारनंतर जास्त हे रोजचंच आहे. म्हणून डॉक्टर परत तपासा म्हणाले की लगेच पैसे काढायचे धंदे म्हणू नका.

कमी येणंही असतं, दारूचं व्यसन, बरेच दिवस उपाशी राहून एकदम भरपेट खाणं, व्हिटॅमिन डीची कमी, अँटासिड वर्षानुवर्षं. फारच खाली गेलं तर हातापायात ताकद राहत नाही.

आता खाणं. अण्णांची केळी बंद झाली ती पालाशमुळे, म्हणजे पोटॅशियममुळे, स्फुरद केळीत थोडंच. घरची कळण्याची भाकरी, त्यात उडीद, म्हणून स्फुरद आहे पण धान्या-डाळीतलं साधारण अर्धंच अंगी लागतं. खरी गडबड पाकिटात. पाकिटात घातलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं शोषलं जातं. काळ्या कोल्ड्रिंकच्या बाटलीवर बारीक अक्षरात ३३८ दिसेल, ते फॉस्फरिक ॲसिड, ज्याने आपण ठिबकच्या नळ्या साफ करतो तेच. हे ऐकून अण्णांनी समोरची बाटली सुनेकडे सरकवली, सून म्हणते मी काय नळी आहे का!

आणि गोळी. चुनखडीच्या रानात डीएपी कितीही टाका, कॅल्शियम त्याला धरून बसतं, पिकाला मिळतच नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत. रक्तात स्फुरद बरेच दिवस चढलेलं राहिलं की हाच चुना रक्तवाहिन्यांत बसतो, हाडं ठिसूळ होतात, अंगाला खाज सुटते. पण तीच खोड डॉक्टर कामाला लावतात. कॅल्शियमची गोळी पोटात घासातलं स्फुरद धरते आणि संडासवाटे घेऊन जाते. फक्त तिथे घास पाहिजे ना. अण्णा तीन महिने गोळी पहाटे पाचला कोऱ्या चहासोबत घेत होते आणि जेवण अकराला!

आता ती स्ट्रिप भाकरीच्या टोपलीत असते, फडक्याखाली. सून भाकरी वाढते तेव्हा आधी तीच हाताला लागते.