लेक्साचा मृत्यू आणि सौंदत्तीची रांडाव पुनव

३ मार्च २०१६ रोजी ‘द हंड्रेड’ या अमेरिकी मालिकेच्या तिसऱ्या पर्वातील सातव्या भागात लेक्सा मरण पावली. बारा कुळांना एकत्र आणणारी ही तरुण सेनापती क्लार्क या मुलीवर प्रेम करत होती. त्या दोघी त्याच भागात पहिल्यांदा एकमेकींच्या झाल्या आणि अवघ्या काही क्षणांत क्लार्कवर झाडलेली गोळी लेक्साला लागली.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या ज्या मराठी मुलींनी हा प्रसंग मोबाइलवर, कानात इअरफोन घालून पाहिला, त्यांना आपण का रडतो आहोत हे घरात सांगण्याची सोय नव्हती. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ तेव्हा लागू होते आणि त्यांना गुन्ह्यातून वगळणारा सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल अडीच वर्षे दूर होता.

या मृत्यूवर चाहते संतापले, आणि त्यांचा संताप आम्हाला पूर्णपणे रास्त वाटतो. २००२ मध्ये ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या मालिकेत टाराही दुसऱ्या कुणावर झाडलेल्या गोळीने, प्रेयसीशी पुन्हा जुळल्यावर लगेच मेली होती. चौदा वर्षांनी तेच घडले, तेव्हा दोन स्त्रियांच्या सुखापाठोपाठ मरण ठेवलेलेच असते, असा अर्थ कोवळ्या वयाच्या प्रेक्षकांनी काढला, तर दोष त्यांचा नाही. मालिकेचे निर्माते जेसन रॉथेनबर्ग यांनी त्याच महिन्यात लेखी माफी मागितली. चाहत्यांनी समलिंगी व ट्रान्स तरुणांच्या आत्महत्या रोखण्यासाठी झटणाऱ्या ‘द ट्रेव्हर प्रोजेक्ट’साठी निधी उभा केला.

तरीही ही कथा मनातून उतरत नाही. लेक्साची भूमिका करणारी अलिशिया डेब्नम-केरी दुसऱ्या मालिकेत बांधली गेली होती, आणि सेनापतींच्या मानेत पिढ्यान्‌पिढ्या बसवल्या जाणाऱ्या यंत्राचे रहस्य याच मृत्यूने उलगडले. शिवाय युद्धाच्या कथेत एका सेनापतीला केवळ ती समलिंगी आहे म्हणून मरणापासून कवच द्यावे, हेही पटत नाही. आम्हाला खुपते ती घाई. प्रेमाला चार दिवस मिळाले असते, तर हेच मरण कदाचित सोसले असते.

शोकाला वेळ आणि सोबत लागते, हे आपल्या याच बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर, यल्लम्मा देवीच्या ठिकाणी दिसते. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला, म्हणजे देवीच्या वैधव्याच्या पौर्णिमेला, तिचा पती जमदग्नी याच्या मृत्यूचा शोक करत यल्लम्मेच्या बांगड्या फोडल्या जातात; त्यात देवीला वाहिलेल्या जोगतिणी असतात, आणि पुरुष म्हणून जन्मून देवीच्या सेवेत स्त्रीवेशाने जगणारे जोगप्पाही असतात. जोगप्पांचे जगणे आणि शहरातल्या समलिंगी मुलीचे जगणे एक नव्हे, आणि देवीच्या नावाने मिळणारा मान जोगप्पांना उपेक्षेपासून नेहमी वाचवतोच असेही नाही. पण तिथला आकांत चारचौघांत होतो, आणि पुढे अहेव पुनवेला, म्हणजे सौभाग्याच्या पौर्णिमेला, देवी पुन्हा चुडा भरते.

तिसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात लेक्साही परत येते. संगणकाने उभ्या केलेल्या आभासी नगरीत ती तलवार घेऊन क्लार्कसाठी लढते. अनेकांनी तो प्रसंग आनंदाने पाहिला आणि आम्हीही पाहिला. परंतु ती भेट काही मिनिटांचीच होती, आणि देवीला जसे सौभाग्य परत मिळते तसे क्लार्कला लेक्साबरोबरचे आयुष्य मिळाले नाही.