दात हाडात ठोकलेला नसतो

हा एक्स-रे बघा, परळच्या एका दवाखान्यातला, सात वर्षांच्या मुलीचा. पहिली कायमची दाढ वर आलीये, पोरगी तिने चकली कडाकडा खाते, पण मुळांची टोकं बघा, अजून उघडी आहेत, नरसाळ्यासारखी. ती बंद व्हायला दात आल्यावर अजून 2-3 वर्षं जातात.

आता हे मूळ बनतं कसं? मुंबईत रोज कुठेतरी स्लॅब पडत असतो, त्याला आधी सेंट्रिंग लागतं ना, तसंच. दाताच्या वरच्या भागाच्या कडेपासून पेशींचा दुपदरी पडदा खाली वाढत जातो, त्याला हर्टविगचा पडदा म्हणतात, ऑस्कर हर्टविग या जर्मन संशोधकाचं नाव. मूळ एक की दोन, लांब की आखूड, हा पडदाच ठरवतो. त्याच्या आतल्या बाजूने डेंटिन, म्हणजे दाताचा मुख्य कठीण भाग, तयार झालं की पडदा फाटतो, आणि तो फाटलाच पाहिजे, कारण दाताभोवतीच्या पिशवीतल्या पेशी तेव्हाच डेंटिनपर्यंत पोचतात.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. त्या एकाच पिशवीतल्या काही पेशी मुळावर सिमेंटमचा थर चढवतात, काही बाहेरच्या बाजूने खोबणीचं हाड घालतात आणि मधल्या पेशी कोलॅजन या चिवट प्रथिनाचे धागे विणतात, आणि थर ओला असतानाच धाग्यांची टोकं त्यात अडकतात, काँक्रीटमध्ये सळया अडकाव्या तशी, एक टोक दातात, दुसरं हाडात. म्हणजे दात हाडाला चिकटलेला नाहीच, टांगलेला आहे! एक्स-रेमध्ये मुळाभोवती ही बारीक काळी रेघ दिसते ना, तीच ती जागा, साधारण 0.2 मिलिमीटर. चावायला लागलं की जोर पडतो आणि धागे अजून जाड होतात.

हे खोबणीचं हाड दातासाठीच असतं, दात काढला की हळूहळू झिजतं, म्हणून आजीची हनुवटी पुढे आल्यासारखी दिसते.

आणि एक गोष्ट प्लीज घरी सगळ्यांना सांगा. बिल्डिंगखाली खेळताना पोराचा कायमचा दात अख्खा निखळून पडला तर मुळाला हात लावू नका, नळाखाली घासू तर अजिबात नका, त्यावर धागे विणणाऱ्या पेशी अजून जिवंत असतात. वरच्या पांढऱ्या भागाला धरा, थंड दुधात टाका आणि रिक्षा पकडून लगेच डेंटिस्टकडे पळा.