पावसाआधी संगणकात पाऊस

नमस्कार श्रोतेहो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यात ७५ मिलिमीटरही पडला नाही. शहर एकच, पण उत्तरेकडे हाहाकार आणि दक्षिणेकडे नेहमीचा पावसाळा. तेव्हा ‘मुंबईत अतिवृष्टी’ एवढ्यावर कुणाचं भागणार? आपल्या गल्लीत पाणी भरणार का, किती आणि केव्हा, हे कळायला हवं.

ते सांगायचं तर शहर आधी संगणकात उभं करावं लागतं. सिंगापूरने सगळ्या देशाची त्रिमितीय प्रतिकृती केली; ती दिसतेही देखणी. आपल्याकडे पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महापालिका यांनी मिळून जून २०२० मध्ये ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर-इशारा प्रणाली सुरू केली. तिला रूपाचं कौतुक नाही, पाण्याचं आहे.

अशा प्रणालीत जमिनीचे बारीक चौकोन पाडतात आणि प्रत्येकाची उंची नोंदवतात. मग त्यावर अंदाजातला पाऊस पाडायचा. पाणी उताराने शेजारच्या चौकोनात जातं, काही नाल्यात, काही मिठी किंवा दहिसर नदीत. शेवटी येतो समुद्र, आणि मुंबईचं खरं दुखणं तिथेच आहे. जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, तेही ओहोटी धरून. मोठ्या भरतीला अनेक पातमुखं, म्हणजे या वाहिन्या समुद्रात उघडतात ती तोंडं, पाण्याखाली जातात आणि शहरातलं पाणी तुंबतं. म्हणून तोच पाऊस सकाळी ओहोटीला पडला तर निभावतो, दुपारी भरतीला पडला तर लोकल थांबतात.

दादरचा हिंदमाता परिसर घ्या. आजूबाजूला चढ, मध्ये बशीसारखा खोलगट भाग. तिथलं पाणी आता पंपाने खेचून जवळच्या भूमिगत टाक्यांत साठवतात आणि भरती ओसरली की सोडतात. टाकी केवढी हवी, पंप कधी चालू करायचा, हे असल्याच गणितातून ठरवता येतं. मात्र कागदावर नाला सहा फूट खोल आणि प्रत्यक्षात निम्मा गाळाने, थर्माकोलने भरलेला असेल, तर संगणक बिचारा काय करणार? नालेसफाईचा खरा आकडा त्याला दरवर्षी द्यायलाच हवा.

माझी तक्रार वेगळी आहे. हे सगळं आपण इशाऱ्यापुरतं वापरतो. खरी गरज असते ती आराखडा मंजूर होण्याआधी. रस्ता काँक्रीटचा होताना वीतभर उंचावतो आणि पुढच्या पावसात तळमजल्यावरचा दुकानदार बादलीने पाणी उपसत बसतो. ती वीत आधी संगणकात चढवायची, भरतीच्या वेळचा पाऊस पाडायचा, पाणी कुणाच्या उंबऱ्यात शिरतं ते पाहायचं. निविदा काढायला जो वेळ लागतो, त्याच्या पावपटही यात जाणार नाही.