मिरगाच्या आधीचा हिशेब

(दृश्य : कातळावरची आंब्याची बाग, सकाळची वेळ. दगडी गडग्याला टेकवलेल्या घळी, म्हणजे आंबे उतरवायचे लांब बांबू. मांगरासमोर, म्हणजे बागेतल्या खोपीसमोर, रिकामे क्रेट.)

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. रोहिणी नक्षत्र लागलंय. रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या बागांत झाडांच्या शेंड्यांवर मागास मोहराचा थोडा आंबा उरलाय. गावात आगोटीची गडबड आहे. लाकडं आत घ्यायची, कौलं चाळायची, मिठामिरचीची बेगमी करायची. बागेतल्या मांगरात मात्र उलटी आवराआवर चालते. दिवाळीनंतर आलेला नेपाळी राखणदार आणि त्याची माणसं मिरगाच्या आधी घरी निघतात.

तिहार, म्हणजे नेपाळातली दिवाळी, आटोपली की ही माणसं तिकडून सुटतात आणि असारच्या रोपणीला परत पोहोचतात. नेपाळी असार आपल्याकडच्या जूनच्या मध्यावर सुरू होतो आणि असार १५ हा तिथे भातरोपणीचा दिवस मानतात. म्हणजे इथला हंगाम संपतो तेव्हा तिथला सुरू व्हायला आलेला असतो. मधे चार दिवस घरी बसायचं म्हटलं तरी सवड नसते.

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पेटीवर नाव बागेचं आणि गावाचं येतं. त्या पेटीतला आंबा वानरांपासून, चोरांपासून आणि वणव्यापासून सहा-सात महिने राखणारे हात पुष्कळदा नेपाळातल्या कैलाली, बर्दिया, अछाम या जिल्ह्यांकडचे असतात. या माणसांच्या शेवटच्या पंधरवड्यात काय काय होतं, ते पाहू.

(दृश्य : रेल्वे स्थानकाचा फलाट. गाठोडी, ट्रंका.)

सुरुवात तिकिटापासून करावी लागते, कारण परतीची तारीख ठरते एप्रिलमध्ये. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. ५ जूनला निघायचं तर ६ एप्रिलला तिकीट काढायला हवं. त्या दिवशी बागेत पहिल्या मोहराचा आंबाही पुरता उतरलेला नसतो. शेवटचा तोडा कधी होईल हे सांगणारं कुणी नसतं आणि तारीख तर द्यावीच लागते. बागायतदाराला माणूस जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हवा असतो आणि राखणदाराला पावसाआधी गाडीत बसायचं असतं. या ओढाताणीत तिकीट राहून जातं. मग मेअखेरीला मुंबईकडे परतणारे चाकरमानी, १ जूनपासूनच्या दोन महिन्यांच्या मासेमारी बंदीमुळे होड्यांवरून उतरलेले खलाशी आणि बागांतली माणसं एकाच गाडीच्या दारात उभी राहतात.

रस्ते ठरलेले आहेत. लखनौ गाठून पुढे सीमेवरच्या रुपैडिह्यामार्गे नेपाळगंज, किंवा गोरखपूर करून सीमेवरची सोनौली. त्यासाठी आधी पनवेल किंवा कल्याणला गाडी बदलावी लागते. महेंद्रनगरकडचे लोक मंगला एक्सप्रेसने थेट निजामुद्दीनला उतरतात आणि दिल्लीहून बसने सीमेवरचं बनबसा गाठतात. डोंगरातल्या गावी पोहोचेपर्यंत सगळे मिळून तीन-चार दिवस मोडतात.

इथे एक बारीक गोष्ट नेहमी नडते. ऑनलाइन काढलेलं तिकीट प्रतीक्षा यादीतच राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि पैसे ज्याच्या खात्यातून गेले त्याच्याच खात्यात परत येतात. ते खातं बहुधा एजंटाचं किंवा मालकाच्या मुलाचं असतं. राखणदाराने रोख मोजून दिलेले असतात आणि परतावा आल्याचा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तिकिटाची छापील प्रत मागून घ्यावी, वरचा पीएनआर क्रमांक वहीत लिहावा आणि परतावा आला की हिशेबात दाखवावा. एवढं केलं की जाताना उगाच कटुता येत नाही.

(दृश्य : घळीने आंबा उतरवताना. घळीच्या टोकाला जाळी आणि पातं असलेला झेला, त्यात पडलेलं फळ, देठ जवळून.)

आता शेवटचा तोडा. मार्च-एप्रिलचा आंबा चौदा आणे तयार झाला की देठासकट उतरवतात. झेल्याच्या पात्याने देठ दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापला की चीक फळावर ओघळत नाही. मेअखेरीला मात्र हात घाईला येतो. झाड हलवून आंबा पाडला जातो, देठ मुळाशी तुटतो आणि चीक सालीवर डाग सोडतो. कॅनिंगलाच, म्हणजे डबाबंद रसालाच, जाणार आहे, मग डागाचं काय, असं म्हणतात. खरं आहे, पण आपटलेलं फळ क्रेटमध्ये दुसऱ्या दिवशीच पाणी सोडतं आणि शेजारची चार फळं खराब करतं. कॅनिंगवाला ती बाजूला काढतो, वजनात धरत नाही.

शिवाय उरलेला आंबा शेंड्याला असतो. वळिवाची सर पडून गेली की खोड निसरडं होतं. त्या दिवशी झाडावर चढू नये. दुसऱ्या दिवशी ऊन पडून साल सुकल्यावर चढावं, तोवर जमिनीवरून घळ पोचेल तेवढंच काढावं. चार क्रेटसाठी मोडलेला पाय घेऊन माणूस तीन दिवसांचा प्रवास कसा करणार, हा विचार मालकाने आधी करायचा आहे.

भिजलेला आंबा तसाच क्रेटमध्ये भरला तर देठाकडून कुजायला लागतो आणि करप्याचे काळे ठिपके पसरतात. मांगरात कोरड्या जागी एका थरात पसरावा, पाणी निथळू द्यावं, मग भरावा. वजन करताना रिकाम्या क्रेटचं वजन आधी घेऊन वहीत लिहावं. क्रेट एकाच मापाचे दिसले तरी वजनात फरक असतो आणि पन्नास क्रेटांमागे त्या फरकाचे कित्येक किलो होतात.

२०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. कोकणातला शेवटचा तोडा त्याच्या तावडीत सापडला. तसं झालं की झाडावरचा आंबा सोडून देण्यावाचून गत्यंतर नसतं. तो सोडतानाही एक काम उरतंच. खाली पडलेली फळं तशीच ठेवली तर फळमाशीच्या अळ्या त्यातून उतरून मातीत कोष करतात आणि पुढच्या पिढ्या तिथूनच निघतात. दोन-तीन फूट खड्डा खणून पडीचा आंबा त्यात टाकावा, वर दीड-दोन फूट माती लोटून दाबावी. वरवर पाच बोटं माती टाकून काही साधत नाही.

(दृश्य : मांगराच्या पडवीत फवारणीचा पंप उघडलेला.)

अवजारं परत करण्यात अर्धा दिवस जातो आणि तो द्यायलाच हवा. पंपाच्या टाकीतलं औषध संपलं की दोन-तीन वेळा स्वच्छ पाणी घालून पंप चालवायचा, पाइप आणि नोझलमधूनही पाणी सोडायचं, मग सगळं निथळायचं. इंजिनातलं पेट्रोल काढून घ्यायचं आणि कार्बोरेटरमध्ये उरलेलं संपेपर्यंत इंजिन तसंच चालू द्यायचं. पेट्रोल चार महिने आत राहिलं की त्याचा चिकट थर बसतो आणि मोहराच्या पहिल्या फवारणीला इंजिन सुरू होत नाही. मग दोष जातो तो आदल्या वर्षीच्या राखणदारावर. पाइप कोपऱ्यात दुमडून टाकला तर घडीवर चिरतो, म्हणून मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून टांगावा. घळींचे बांबू उभे ठेवले की वाकतात. ते आडवे, जमिनीपासून वर, आढ्याला बांधावेत. झेल्याच्या जाळीत आंब्याचा वास राहतो आणि उंदीर ती कुरतडतात. जाळी धुऊन, वाळवून पत्र्याच्या डब्यात ठेवावी, पात्याला तेलाचा हात लावावा. औषधांचे रिकामे डबे पाणी भरायला कुणी नेऊ नये म्हणून भोकं पाडूनच बाजूला काढावेत. उरलेली औषधं मांगरात न ठेवता मालकाने आपल्या ताब्यात, कुलपात ठेवावीत.

कुत्र्यांचा विचार मात्र क्वचित होतो. बागेत दोन-तीन कुत्री असतात आणि ती राखणदाराच्या हातचं खातात. तो गेला की पहिल्या पावसात ती वाडीत शिरतात, कोंबड्या धरतात आणि तक्रारी सुरू होतात. पावसाळ्यात जो स्थानिक गडी बागेत फेरी मारणार आहे, त्याने शेवटचे आठ दिवस त्यांना आपल्या हाताने भात घालावा. रेबीजची लस आधीच टोचून घेतलेली असावी.

(दृश्य : दोन वह्या शेजारी शेजारी. पेन, हिशेबाचं पान.)

आता ज्यासाठी सगळं थांबलेलं असतं तो पगाराचा हिशेब. बहुतेक ठिकाणी पगार महिन्यावर ठरतो, खर्चापुरती उचल अधूनमधून घेतली जाते आणि बाकी रक्कम जाताना एकदम मिळते. वाद फसवणुकीपेक्षा मोजणीवरून जास्त होतात. उदाहरण घेऊ. माणूस १२ नोव्हेंबरला कामाला लागला आणि ४ जूनला सुटला. महिन्यांनी मोजलं तर ६ महिने २४ दिवस. दिवसांनी मोजलं तर २०५ आणि तीसचा महिना धरला की ६ महिने २५ दिवस. पगार १५,००० मानला तर एका दिवसाचे ५०० रुपये इथेच अडकले. वरच्या २४ दिवसांचे पैसे तीसने भागून काढले तर १२,००० होतात, एकतीसने भागून ११,६१३. महिना कितीचा धरायचा हे नोव्हेंबरातच ठरवून लिहिलं, तर जूनमध्ये बोलायला काही उरत नाही.

वही दोघांकडे हवी. प्रत्येक उचलीवर तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याची सही. येतानाच्या प्रवासाचे पैसे उचलीत धरायचे की मालकाच्या खर्चात, हेही आधी ठरलेलं असावं. रेशन, गॅस, मोबाइलचं रिचार्ज हे सगळं ‘किरकोळ’ या एका शब्दाखाली टाकलं की भांडण ठरलेलं. जोडपं कामाला असेल तर बाईचं पान वेगळं असलं पाहिजे. पेट्या भरणं, आंबा निवडणं, पातेरा (पालापाचोळा) गोळा करणं ही कामं तीच करते आणि हिशेब नवऱ्याच्या नावावर होतो. ही रीत जुनी असेल, पण चांगली नाही.

रक्कम रोख न्यायची की पाठवायची? गर्दीच्या डब्यात सात महिन्यांची कमाई कमरेला बांधून जाणं धोक्याचंच. भारतातून नेपाळात पैसे पाठवण्याची एनईएफटीवर चालणारी योजना रिझर्व्ह बँकेने २००८ साली सुरू केली. १ ऑक्टोबर २०२१ पासून खात्यातून एका वेळी २ लाखांपर्यंत पाठवता येतात. खातं नसेल तर शाखेत रोख भरून ५०,००० पर्यंत. पलीकडे पैसे नेपाळी रुपयांत मिळतात आणि दर ठरलेला आहे : आपल्या १०० रुपयांना १६०. ओळखीसाठी नेपाळची नागरिकता जवळ हवी आणि घेणाऱ्याचं नाव त्याच्या कागदपत्रावर जसं आहे तसंच लिहावं. एका अक्षराने पैसे अडकतात आणि मालक इथे, कामगार गाडीत अशी गत होते. म्हणून पैसे निघायच्या चार दिवस आधी पाठवावेत आणि पोहोचल्याचा फोन आल्यावरच बांधाबांध करावी. वाटखर्चापुरते रोख ठेवताना शंभरच्या आणि त्याहून लहान नोटा घ्याव्यात. मोठ्या भारतीय नोटांबाबत नेपाळचे नियम बरीच वर्षं कडक होते.

मुलं इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जात असतील तर आणखी एक कागद लागतो. निकाल १ मेच्या सुमारास लागतो आणि नंतर शाळा बंद असते. गुणपत्रक आणि दाखला त्याच वेळी मागून ठेवावा. नेपाळातलं शाळेचं वर्ष वैशाखात, म्हणजे आपल्या एप्रिलमध्ये सुरू होतं. मूल तिथे पोहोचतं तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. यावर बागायतदाराकडे उत्तर नाही, पण कागद वेळेवर हातात असला तर निदान वर्ग तरी चुकत नाही. लसीकरणाचं कार्डही सोबत द्यावं.

(दृश्य : टेम्पोत सामान चढतंय. मांगराला कुलूप.)

पोलीस ठाण्यात येताना नोंद केलेली असते, तशी जातानाही कळवावी. अवजारांची यादी, किल्ली आणि हिशेबाच्या पानावर दोघांच्या सह्या होतात. पुढच्या वर्षी यायचं की नाही हे विचारायची वेळ हीच. पगार किती, माणसं किती, येण्याचा खर्च कुणाचा, हे त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्यावं. फक्त ‘या हां परत’ म्हणून टेम्पो सोडला, तर दसऱ्यानंतर फोन लावेपर्यंत तो माणूस शेजारच्या तालुक्यातल्या बागेला शब्द देऊन मोकळा झालेला असतो, नाहीतर आखातात निघून गेलेला असतो.