बीट थांबतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. आज मी बोलणार आहे माझ्या अत्यंत जिव्हाळ्याच्या संगीताबद्दल, अपलिफ्टिंग ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या प्रकाराबद्दल.

‘नुसतं धाडधाड वाजतंय’ म्हणून पुष्कळ जण हे संगीत दुसऱ्याच मिनिटाला बंद करतात. त्यांना माझी विनंती आहे, थोडा धीर धरा. मिनिटाला साधारण 138 ठोके अशा वेगानं धावणारा ट्रॅक मध्यावर येतो आणि किक ड्रम, म्हणजे तालाचा तो जड ठोका, चक्क थांबतो. समोर नाचणारी गर्दी, आणि तिच्या पायाखालचा तालच काढून घ्यायचा, तोही मिनिट-दोन मिनिटं! केवढी ही हिंमत! यालाच म्हणतात ब्रेकडाउन. मागे उरतात पसरट स्ट्रिंग्ज, एखादा पियानो आणि बहुतेक वेळा मायनर स्केलमधली, जीवाला हुरहूर लावणारी धून. मग आवाजाची धार दाबून ठेवणारा फिल्टर हळूहळू उघडत जातो, सुरांना धार चढते, स्नेअर ड्रमचे ठोके दाट होतात, क्षणभर सगळं गप्प... आणि तीच धून किक आणि बेससकट उसळून येते. हुरहूर तीच, पण आता ती आपल्याला उचलून घेते. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

त्या भरदार आवाजामागे बऱ्याचदा असतो ‘सुपरसॉ’ नावाचा ध्वनी. 1996 साली रोलंड कंपनीच्या जेपी-8000 या सिंथेसायझरमध्ये तो आला. एकाच सुराच्या सात लहरी, एकमेकींपासून किंचित सरकवलेल्या. त्यामुळे सूर थरथरतो, रुंद होतो. अर्थात वाद्य कुणीही विकत घेईल, धून सुचावी लागते. डच डीजे फेरी कॉर्स्टननं ‘सिस्टिम एफ’ या नावानं 1999 मध्ये आणलेला ‘आउट ऑफ द ब्लू’ ऐका, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

कैरोच्या ‘अली अँड फिला’ या ट्रान्स डीजेंच्या जोडीबद्दल मला विशेष आदर आहे. कानाला गंभीर इजा झाल्यावर फिलानं, म्हणजे फादीनं, मंचावर येणं सोडलं, पण स्टुडिओ सोडला नाही. कार्यक्रमांना अली एकटा जातो, नाव मात्र दोघांचंच लागतं.

आणि हे संगीत जगभर पोचवण्यात रेडिओचा वाटा फार मोठा, हे इथून सांगताना मला विलक्षण आनंद होतोय. डच डीजे आर्मिन व्हॅन ब्यूरेनचा ‘अ स्टेट ऑफ ट्रान्स’ हा साप्ताहिक कार्यक्रम 2001 पासून चालू आहे. घरच्या खोलीत बसून ट्रॅक बनवणारी कितीतरी अनोळखी मुलं अशाच कार्यक्रमांतून आमच्या कानांवर पडली.

ऐकायला सुरुवात करणार असाल, तर छोटा रेडिओ एडिट घेऊ नका. त्यात ब्रेकडाउन घाईघाईनं उरकलेला असतो. सात-आठ मिनिटांचा एक्स्टेंडेड मिक्स शोधा, आणि मधेच पुढे ढकलू नका.